मोकळा माळ

सिदूमामा केंद्राच्या फाटकाशी आला तो नेमका दिल्लीचे पाहुणे चहा घेत असताना. या माणसाला वेळ म्हणून कधी कळली नाही. डोक्याला तांबडा पटका, पायांत जाड कातडी वहाणा, खांद्यावर जुनं घोंगडं आणि काखेत दुसरं, नवंकोरं, घडी घातलेलं. तो स्वतः फाटकाबाहेरच उभा होता. मेंढरांचा वास मात्र कुणाची परवानगी न विचारता आत आला होता.

“मायाक्का हाय का हितं?” त्यानं वॉचमनला विचारलं. पलीकडच्या टेकडीवरल्या माणसाला हाक मारताना लागतो तेवढा आवाज त्यानं लावला होता.

केंद्रात मायाक्का कुणी नव्हती. माया लवटे होती. आश्रमशाळेत नाव घातलं तेव्हा ती मायाक्काच होती आणि वर्गातल्या पोरी तिच्याजवळ बसताना नाकाला ओढणी लावायच्या. कॉलेजात गेल्यावर तिनं नावाचं शेपूट छाटलं आणि पुण्याला हवामानशास्त्र शिकून होईस्तोवर बोलण्यातलं ‘हाय-न्हाय’ही पुसलं. आईबाप लहानपणीच गेलेले. तिला वाढवलं ते सिदूमामानं आणि हौसामामीनं, धनगरांच्या फिरत्या वाड्यावर. केंद्रात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला कुणी विचारलंच नाही, असं ती स्वतःला सांगे. खरं तर विचारलं होतं, आणि ‘घरची शेती आहे’ म्हणून तिनं विषय बदलला होता.

“कोण हो?” केंद्राचे प्रमुख डॉ. निमकर कडुनिंबाखालून म्हणाले. पाहुण्यांनीही फाटकाकडे माना वळवल्या.

“आमच्याकडचा गडी आहे, सर. गावाकडून काहीतरी निरोप घेऊन आलाय.”

हे इतकं सरळ तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. निदान जीभ जरा अडखळायला हवी होती.

ती फाटकापाशी गेली. मामाचा चेहरा तिला बघून फुलला. “लई मोटं हापीस हाय की गं! हे घे. मामीनं लोकर कातली तुज्यासाठी. तू फोनवर म्हनलीवतीस, ती मशीन गार वारं सोडती, हुडहुडी भरती म्हून.”

“मामा, आत पाहुणे आहेत,” ती हळूच म्हणाली.

“जातो, जातो. येकच सांगाया आलतो. उद्या वाडा बाभुळमाळाला हाय. तितल्या पाटलाच्या रानात मेंढरं बसवायचीत. सांजच्याला उतरू. तूच म्हनलीवतीस न्हवं, वाडा हलला की सांगत जा? फोन बंद पडलाय, म्हून चालतच आलो.”

“बरं. लावते मी नकाशावर.”

“च्या पाज म्हनलं असतं,” मामा हसत म्हणाला, “पर पावणं हायती.” आणि तो आल्या पावली निघाला. उन्हात चालत आलेल्या माणसाला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही, हे तिला तो वळणावर दिसेनासा झाल्यावर आठवलं. घोंगडं काखेत मारून पाहुण्यांसमोरून जायचं तिच्या जिवावर आलं. तिनं ते वॉचमनच्या खोलीत ठेवलं. संध्याकाळी नेईन म्हणाली आणि विसरली.

आता हे केंद्र कसलं, ते सांगायला हवं. चैत्रात सांगोला-जतकडचा हा माळ तव्यासारखा तापतो. दुपार कलली की आभाळात एकदम ढगांचे डोंगर उभे राहतात. पण हे ढग फार उंचावर असतात आणि त्यांच्याखालची हवा खडखडीत कोरडी. ढगातून पाऊस सुटतो, तो जमिनीला पोचायच्या आतच वाटेत सुकून जातो. माठातलं पाणी बाहेर पाझरून सुकतं तसं आतलं पाणी गार होतं. तशीच पाऊस सुकताना भोवतालची हवा गार होते. गार हवा जड. ती मग वरून धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि अंगणात पालथ्या घातलेल्या बादलीतल्या पाण्यासारखी चहूबाजूंना सुसाट पसरते. पाऊस चार टपोरे थेंब, वारा मात्र पत्र्याची छपरं कागदासारखी नेणारा. गेल्या काही वर्षांत उन्हाळे चढत गेले, तशी ही वादळंही माजत गेली.

वादळ थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. पण ते लवकर पाडता येतं, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. ढग अजून दूर असताना त्याच्या पोटात मिठाची बारीक पूड सोडली, की थेंब वेळेआधीच मोठे होतात, पाऊस आधीच सुटतो आणि गार हवा पुढच्या गावावर कोसळायची ती अलीकडच्या उजाड माळावर कोसळते. पूड सोडणाऱ्या ड्रोनच्या थव्याला लोक टिटव्या म्हणत आणि केंद्राला म्हणत उताऱ्याचं ऑफिस. एकाची पीडा उतरवायची आणि तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर ठेवायची. ओलांडेल त्याचं नशीब. निमकरांना ही थट्टा मुळीच आवडत नसे.

म्हणूनच त्यांनी एक नियम कडक ठेवला होता. वारा जिथं पाडायचा, तिथं माणूस असता कामा नये. उष्णता टिपणारे कॅमेरे रात्री अंधारातली शेळीसुद्धा दाखवत, पण चैत्रातल्या दुपारी जमीनच माणसाच्या अंगापेक्षा तापलेली. त्यात माणूस काय आणि धोंडा काय, सगळं एकाच रंगाचं दिसे. वर वादळाच्या पुढची धूळ. तेव्हा माळ मोकळा आहे की नाही, हे माळाची माहिती असलेल्या माणसानं सांगायचं. गावोगावच्या पाटलांना, गुराख्यांना, धनगरांना विचारून रोज नकाशावर खुणा करायच्या आणि वेळ आली की स्वतःच्या तोंडानं ‘मोकळा’ म्हणायचं. यंत्र त्या शब्दाशिवाय पुढं सरकत नसे. ती नोकरी मायाची होती. मुलाखतीत तिनं सांगितलं होतं, ‘या भागातली माणसं मला चांगली माहीत आहेत.’ कशी माहीत आहेत, ते सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती बाभुळमाळावर खूण करायला बसली आणि तिचा हात थांबला. खुणेबरोबर वाडा कुणाचा आणि सांगितलं कुणी, हे घालावं लागे. निमकर प्रत्येक खूण बघत. काय घालायचं? वाडा सिदू बंडगरचा, सांगितलं सिदू बंडगरनं. म्हणजे सकाळी आलेला तुमचा गडी? गड्याचा स्वतःचा मेंढरांचा वाडा कसा? एका खोट्याला झाकायला दुसरं शोधावं लागतं, आणि तिला दुसरं सुचेना. उद्या सर पाहुण्यांना घेऊन जत्रेला जातील, तेव्हा गुपचूप लावू, असं म्हणून तिनं पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी निमकर जत्रेला गेलेच नाहीत. करंजवड्याच्या नाथाची जत्रा होती, पटांगणात मांडव, पाळणे, कुस्त्यांचा फड, अर्धा तालुका लोटलेला. आणि दुपारी नैर्ऋत्येला ढग चढायला लागला. पाहुण्यांना प्रत्यक्ष काम बघायला मिळणार म्हणून निमकरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. पाहुणे मागच्या खुर्च्यांवर बसले. टिटव्या उडवणारा इक्बाल तांबोळी ड्रोनला दिसतं ते दाखवणारा चष्मा डोळ्यांवर चढवून तयार होता.

“ढग थेट करंजवड्याकडे निघालाय,” इक्बाल म्हणाला. “अलीकडे पाडायचा तर दोन जागा आहेत. बाभुळमाळ किंवा त्याच्या डावीकडचं कोळ्याचं टेकाड. दोन्ही चालतील. लवकर सांगा.”

“बाभुळमाळ सपाट आहे, पाहुण्यांना नीट दिसेल,” निमकर म्हणाले. “लवटे, बाभुळमाळ मोकळा आहे ना?”

दोन्ही जागा चालणार होत्या. ‘नको सर, टेकाड घ्या,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग निमकर म्हणाले असते, का? तिथं कोण आहे? नकाशावर का नाही? तुम्हाला कधी कळलं? आणि मागं सगळे बसलेले. मामा काय म्हणाला होता? सांजच्याला उतरू. आत्ता तर ऊन अजून वर आहे. सांज व्हायला वेळ आहे. अजून आले नसतील.

“लवटे?”

“मोकळा आहे, सर.”

टिटव्या ढगात घुसल्या. बघता बघता ढगाच्या पोटातून राखाडी झालर खाली लोंबायला लागली आणि अधांतरीच विरली. मग पडद्यावर बाभुळमाळाच्या मधोमध धुळीचं एक कडं उठलं आणि फुलासारखं उमलत चारी दिशांना धावलं. वाऱ्याचा आकडा असा चढला की एक पाहुणा उठून उभाच राहिला. करंजवड्यात नुसत्या टोप्या उडाल्या, पाळणे जरा हलले. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. निमकरांनी मायाच्याही खांद्यावर थोपटलं.

त्या टाळ्या चालू असतानाच तिला आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच. ते तिला माहीतच होतं. सांजच्याला येतात ती मेंढरं. मेंढरं चरत चरत, लांबचा फेरा घेऊन बाप्यांबरोबर येतात. वाडा दुपारीच पुढं येतो. घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाया पोराबाळांना घेऊन सरळ वाटेनं निघतात, जागेवर पोचून चूल मांडतात, लहान कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकतात, पाणी आणतात. ती स्वतः अशीच आलेली होती, किती माळांवर. एका बाजूला कोंबड्यांची पाटी, एका बाजूला कोकरू आणि मधे घोडीच्या पाठीवर बांधलेली मायाक्का. घोडीचा लगाम धरून पुढं चालायची हौसामामी. हे निमकरांना माहीत नसेल, दिल्लीला माहीत नसेल. तिला माहीत होतं, आणि ती नकाशावाल्यांसारखी नुसती मेंढरं मोजून मोकळी झाली होती.

धूळ खाली बसली. इक्बालनं एक टिटवी परत नेऊन माळावर खाली आणली आणि चष्मा काढला.

“सर, बाभळीला काहीतरी अडकलंय. लाल. लुगडं आहे.”

जीपमध्ये निमकर सारखे म्हणत होते, “नकाशावर काहीच नव्हतं. काहीच नव्हतं ना, लवटे?” मायानं होकारार्थी मान हलवली. बाहेर हवा एकदम थंडगार झाली होती. मघाशी भाजणारा माळ आता श्रावणातल्यासारखा गार पडला होता, आणि धुळीत टपोऱ्या थेंबांचे खड्डे उमटले होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला तो वास आवडला असता.

घोडी मेलेली होती. डालगी वाऱ्यानं लांब नेऊन बाभळींच्या काट्यांत फेकली होती, आणि त्यांच्याखालची कोकरं जागोजाग पडली होती, जणू कुणी कापसाचे पुंजके टाकून गेलं. भांडी, गोधड्या, पिठाचं गाठोडं, काही जागेवर नव्हतं. मामीची सून आपल्या लहान पोरीला पोटाशी घेऊन बसली होती. पोरगी कळवळून रडत होती आणि ते रडणं ऐकून मायाला हायसं वाटलं. मामी जमिनीवर आडवी होती. पोरीला झाकायला ती वरून पडली आणि बिऱ्हाडाचं लाकडी खोगीर उडून तिच्या कमरेवर आलं. तिचा पाय विचित्र वळलेला होता. ती थंडीनं थडथड उडत होती.

सिदूमामा धुळीचा लोट बघून मेंढरं पोरांवर सोडून पळत आला होता. त्यानं स्वतःचं घोंगडं मामीवर घातलं होतं, पण ते दुपारी मेंढरांना पाणी पाजताना भिजून जड झालेलं. “कोरडं कायतरी द्या,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “समदं उडालं. येक घोंगडं तरी कोरडं द्या.”

एक कोरडं घोंगडं होतं. वॉचमनच्या खोलीत, तिनं ठेवलं तिथंच. तिनं जीपमागं जाऊन फोन लावला आणि रुग्णवाहिकेबरोबर ते पाठवायला सांगितलं. आपण कुणापासून लपून फोन करतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

ती परतली तेव्हा निमकर मामासमोर उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला होता. “बाबा, तुम्ही इथं येणार हे केंद्राला कळवलं नव्हतं का? तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कळवायचं असतं म्हणून?”

मामानं मान वर केली. त्यानं मायाकडे पाहिलं, नुसतं एकदा, ओझरतं.

“न्हाई कळवलं जी. आमचंच चुकलं.”

“थांबा. तुम्ही काल केंद्रावर आला होता ना? या बाईंकडे?”

“व्हय. त्यास्नी निरोप द्याया गेलतो.” मामानं मामीवरलं घोंगडं सारखं केलं. “म्या त्यांच्याकडचा गडी हाय जी. गावाकडचा.”

शब्दाला शब्द. काल कडुनिंबाखाली ती बोलली होती ते. माळावरच्या माणसाचे कान. कोल्ह्याची चाहूल शेताच्या त्या टोकाला लागते त्याला. त्यानं ते ऐकलं होतं, आणि तरी हसून घोंगडं दिलं होतं, वाडा कुठं उतरणार ते सांगितलं होतं, चहाची थट्टा केली होती आणि उन्हात परत चालत गेला होता. आता तो तिचं खोटं तिच्यासाठी जपून ठेवल्यासारखं परत काढून देत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मायाला झालं. पण बाभुळमाळ कठीण मुरमाचा. तो कुणाला पोटात घेत नाही.

“म्हणजे त्यांनी कळवलंच नाही,” निमकरांनी सुटकेचा श्वास टाकला. लगेच त्यांनी वर फोन लावला. बोलता बोलता ते दूर गेले, पण ऐकू येत होतं. “हो सर, त्यांची स्वतःची कबुली आहे... हो, पुढच्या चैत्रापासून या भागात वाड्यांना बंदीच घालू या. हे लोक कळवत नाहीत, आपण किती काळजी घेणार...”

बंदी. या माळांवर चैत्रात वाडे आले नाहीत तर जायचं कुठं? एका मामाच्या गप्प राहण्यातून सगळ्या वाड्यांच्या वाटा बंद होणार होत्या. आणि तिनं तोंड शिवून ठेवलं तर ती सुटत होती, अगदी सहज, काही न करता. काल आणि आज तिनं तेच तर केलं होतं.

“सर,” ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं परत हाक मारली, आणि ती इतकी मोठी निघाली की पोरगीसुद्धा रडायची थांबली. “सर, हा गडी नाही. हा मामा आहे माझा. सख्खा मामा. यानंच वाढवलंय मला, याच वाड्यात. काल तो हेच सांगायला आला होता, बाभुळमाळाला उतरतोय म्हणून. मी लावलं नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं.”

निमकरांनी फोन खाली घेतला. “ठाऊक होतं? मग मोकळा का म्हणालात?”

“लाज वाटली.”

“कसली?”

ती मामाकडे बघत राहिली. तो पुढं होईल, डोक्यावर हात ठेवील, निदान चार शिव्या तरी घालील, असं कुठंतरी तिला वाटत होतं. मामानं तोंड फिरवलं.

“ह्ये काल बोलायचं हुतं, पोरी,” तो म्हणाला. “आता कुनासाटी बोलतीस?”

माळाच्या कडेनं मेंढरं यायला लागली होती. सांज होत आली होती. वाड्याच्या जागी चूल दिसेना, म्हणून पुढची मेंढी थबकली आणि मागची सगळी तिच्यावर येऊन आदळली. मामा उठून तिकडं गेला.

रुग्णवाहिका आली. तपासणाऱ्या बाईंनी मामीचा पाय बघितला आणि मान हलवली. खुबा मोडला होता. जन्मभर घोडीपुढं चाललेली ही बाई, आता काठीनं अंगणात फिरली तरी पुष्कळ. “पेशंटबरोबर कोण येणार?” त्यांनी विचारलं. “नात्यातलं हवं.”

“मी,” माया म्हणाली. “भाची.”



गाडीतून घोंगडं आलं होतं. काळंभोर, कोरडं, बांधलेली सुतळीसुद्धा तशीच. मायानं गुडघ्यावर बसून गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. मामीनं डोळे उघडले. तिनं हात पुढं करून घोंगड्याची किनार चाचपली आणि आपली लोकर तिला ओळखू आली. मग तिची नजर घड्यांवरून फिरली. त्या तिनंच घातलेल्या होत्या, अजून जशाच्या तशा.

“मायाक्का,” ती क्षीण आवाजात म्हणाली, “घडी तू मोडायची हुतीस गं.”

मायानं घोंगडं उलगडलं आणि तिच्या अंगावर घातलं.